बबनरावांची खात्री

आमच्या बारामतीच्या ऑफिसात कुठलीही नवी गोष्ट चालू करायची असली, की बबनराव आधी एखाद्या शेतकऱ्याला फोन करतात. "तुमच्याकडं ऊन हाय का?" पलीकडून "व्हय" आल्याशिवाय ते बटणाला हात लावत नाहीत.

आम्ही द्राक्ष-डाळिंबवाल्यांना मोबाइलवर रोगाचा इशारा पाठवतो. इशारा देतं मशीन लर्निंगचं मॉडेल. शेतातल्या यंत्रांकडून येणारं तापमान, पानांवरचा ओलावा हे सगळं निवडून-पाखडून मॉडेलसाठी ठेवायचं कोठार म्हणजे फीचर स्टोअर. ते कंटेनर नावाच्या सॉफ्टवेअरच्या डब्यांत भरून संगणकांच्या क्लस्टरवर चढवायचं काम बबनरावांचं. पूर्वी ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. चाळिशीत हे शिकले. कंटेनर कोसळला की म्हणतात, "बसला जरा. उठंल. त्यालाबी दम लागतोय."

स्टोअर चालू करायच्या दिवशी पडद्यावर सगळे दिवे हिरवे होते. बबनरावांनी कळस गावच्या आबांना फोन लावला.

"आबा, द्राक्षाच्या पानावर पाणी हाय का?"

"न्हाय बा. खडखडीत कोरडं."

स्टोअर तर कळसची पानं सकाळपासून ओली सांगत होतं. बबनरावांनी हात मागं घेतला.

"अहो, सगळं हिरवंगार आहे!" साहेब वैतागले.

"गाजरगवतबी हिरवंच असतंय, सायेब. आबा उगंच औषध मारत बसतील, आन् जिथं पानं खरंच भिजल्यात तिथली माणसं बिनघोर राहतील."

साहेबांनी दुपारपर्यंतची मुदत दिली. बबनराव जेवायलाही उठले नाहीत. शेवटी घोळ सापडला. दोन यंत्रांच्या क्रमांकांची अदलाबदल झाली होती. लासुर्ण्याचा पाऊस कळसच्या नावावर साठत होता. दुरुस्ती करून स्टोअर पुन्हा चढवलं, लासुर्ण्याला इशारे गेले, तेव्हा कुठं त्यांनी डबा उघडला.

मी शेजारी बसून यंत्रांची यादी तपासत होते.

"लासुर्ण्याचं यंत्र कुणाच्या शेतात आहे हो?"

"माझ्याच."

"काय लावलंय?"

"आता काय न्हाय. डाळिंब हुतं, आमच्या मंडळींनी हातानं लावलेलं. तेल्या रोग आला, सगळी झाडं उपटून जाळली. फुडल्या साली मंडळीबी गेली."

बाग नाही, तर यंत्र कशाला ठेवलंय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. बबनरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून ते पडद्यावरच्या लासुर्ण्याच्या पावसाच्या आकड्याकडं बघत राहिले.

"चांगला पडलाय की," ते हळूच म्हणाले. "रान भिजलं असंल."