जिजा हजर आहे

दुपारचे सव्वादोन. बाळ नुकतंच झोपलेलं, पंखासुद्धा दबकून फिरत होता, आणि स्वयंपाकघरात स्टीलची वाटी पडली. पडली आणि बराच वेळ स्वतःभोवती फिरत राहिली.

नेमक्या त्याच वेळी पाताळगंगेपलीकडच्या एका हायस्कूलमध्ये, इयत्ता आठवी ब ची विद्यार्थिनी कुमारी जिजा अनंता हिलम गणिताच्या तासाला हजर होती. वाटी पाडणारीही तीच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीचा पुरावा माझ्या ओट्याखाली सापडला, दुसरीचा सरकारदरबारी आहे. शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या शाळेला पुरस्कार मिळालेला आहे.

आधी एक खुलासा करते. जिजाला मी कामाला ठेवलेलं नाही. ती आमच्याकडे असते. असताना ती भांडी घासते, आठ महिन्यांच्या नोमला कडेवर घेऊन फिरवते आणि माझ्या पाच वर्षांच्या ज्युडिथला शाळेच्या बसपर्यंत सोडते, पण ते सगळं असण्याच्या ओघात. माझे यजमान मनासे हे आपटेकर, म्हणजे मूळचे आपट्याचे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. जिजाची कातकरवाडीही आपट्याजवळचीच. म्हणजे ती आमच्या गावची मुलगी झाली. गावच्या मुलीला कोणी कामाला ठेवत नाही. तिला आणतात.

जिजा तेरा वर्षांची. सहावीत असताना आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली ती दोन हंगाम तिकडेच. पावसात भट्टी बंद पडते, म्हणून सध्या अनंता आणि दिपा उलव्याला एका इमारतीच्या कामावर आहेत, आणि लेक कामोठ्यात आमच्याकडे, चांगल्या घरात.

एके दिवशी ज्युडिथचं पहिलीचं पुस्तक नोमसमोर धरून ती अक्षर अक्षर लावत बसलेली मला दिसली. नोम पुस्तकाचा कोपरा चावत होता आणि ती त्याला रागावत होती, “आदी वाच, मग खा.” मला पाहिल्यावर म्हणाली, “वैनी, मला शाळंत जायचं हाय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिक्षण हा प्रत्येक मुलीचा हक्क आहे, हे मी मनासेला त्याच संध्याकाळी सांगितलं. कामोठ्यात सकाळपाळीची शाळा सातला भरून सव्वाबाराला सुटते, हेही सांगितलं. नोमची आंघोळ साडेबारापर्यंत ढकलता येते. ज्युडिथच्या बसचं मात्र काहीतरी बघावं लागलं असतं. पण हक्क म्हटला की थोडी गैरसोय सोसायची आपली तयारी असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामोठ्यातल्या त्या शाळेत गेलो. माझ्या हातात कागद होते, त्यामुळे नोमला जिजानेच घेतलं होतं. काशीराम नावाच्या क्लार्कने तिचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली.

“ही शाळेत आहे.”

जिजाने मागे वळून बघितलं.

“कोण शाळेत आहे?” मी विचारलं.

“हीच. जिजा अनंता हिलम. पाताळगंगेपलीकडचं हायस्कूल. आठवी ब. हजेरी चौऱ्याण्णव टक्के. आज सकाळचीसुद्धा लागलीय.”

“अहो, ती आज सकाळी माझ्याकडे होती.”

“ते तुमचं म्हणणं झालं,” काशीराम शांतपणे म्हणाले. “एक मूल दोन शाळांत घेता येत नाही. आधी तिथून काढून आणा.”

तेव्हा आम्ही नदीपलीकडच्या हायस्कूलमध्ये गेलो. मुख्याध्यापक सुभाष सर हे भले गृहस्थ. जिजाला पाहून ते खुर्चीतून उठले.

“केवढी झालीस गं. बरोबरच आहे, आठवीची मॉनिटर ना तू.”

“मी?”

“शिस्तीमुळे. वर्गात एक शब्द बोलत नाहीस, खिडकीबाहेर बघत नाहीस. सगळ्या शिक्षकांचं एकमत झालं.”

त्यांनी तिचं प्रगतिपुस्तक काढून दिलं. जिजाला अक्षरं अडतात, पण भट्टीवर विटा मोजून आकडे पक्के झालेत. तिने बोट ठेवत ठेवत सगळे आकडे वाचले. इंग्रजीवर थांबली. अडुसष्ट.

“मी बसले असते तर एवढे नसते मिलाले,” ती म्हणाली. मग थोडा विचार करून, “सर, माझी खिचडी कोन खातं?”

“अन्न वाया जात नाही, बाळ.”

मी म्हटलं, “सर, उद्यापासून ही खरीच येऊन बसली तर?” नोम दुसऱ्या कोणाकडे झोपत नाही. पण मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला. “ताई, जी रोज हजर आहे ती परत येणार कशी? आणि तपासणीला साहेब आले, त्यांनी मॉनिटरला उभं करून धडा वाचायला लावला, आणि हिला वाचता आलं नाही, तर? आज वर्गाचा दर्जा चांगला आहे. ही आली तर तो खाली येईल.”

“मग दाखला द्या. आम्ही कामोठ्यात घालतो.”

“तेही अवघड आहे. आमच्याकडे गळती शून्य आहे. पटावर एकसष्ट मुलं. साठ झाली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो.”

“कोण?”

“इंग्रजीचे.” त्यांनी प्रगतिपुस्तक हळुवारपणे परत घेतलं, जरा विचार केला आणि त्याची झेरॉक्स मात्र मला दिली. “पोरीच्या घरी असू दे. अभिमान वाटतो.” फाटकापर्यंत आम्हाला सोडायला आले तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर उतरलेला होता. “काय करणार, ताई. शाळेत यायचं तर आधी शाळा सोडावी लागते, आणि सोडायची तर आधी शाळेत यावं लागतं.”

त्यानंतर आमच्या घरात आठवडाभर एकाच प्रश्नावर गंभीर चर्चा चालू होती. तेरा वर्षांच्या मुलीने हायस्कूल सोडावं का? मनासेचं मत, अर्धवट शिक्षण सोडणं चुकीचं, त्यातून चौऱ्याण्णव टक्के हजेरी असताना. मी म्हटलं, पुढे शिकायचं तर सोडावंच लागेल. शेवटी बापाचं मत घ्यावं म्हणून अनंताला फोन लावला. मागे काँक्रीटचा मिक्सर फिरत होता.

“अनंता, जिजाने शाळा सोडावी असं आमचं ठरतंय.”

“सोडलीच हाय ना, वैनी?”

“अजून नाही. प्रयत्न चालू आहेत.”

पलीकडे त्याने कोणाला तरी मिक्सर थांबवायला सांगितलं. मग तो म्हणाला, “तुमी शिकलेली मानसं. लागल तो अंगठा देतो. पन तिला शाळंत घाला.”

मी पुन्हा काशीरामांकडे गेले. एव्हाना त्यांनाही जिजाची माया लागली होती. त्यांनी नोमला बिस्किट दिलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

“एक वाट आहे. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे येतोय. ही त्यात सापडली पाहिजे.”

“ही काय तुमच्यासमोर उभी आहे.”

“अशी नाही. कामाच्या जागी सापडली पाहिजे. सापडली की कॉम्प्युटर तिकडचं नाव आपोआप कापतो, आणि जवळच्या शाळेला त्याच दिवशी घ्यावं लागतं. दाखला नको, काही नको. भट्टीवर सापडली असती तर सोन्याहून पिवळं.”

“भट्टी पावसात बंद असते.”

“मग जिथे काम करते तिथे सापडू दे,” काशीराम म्हणाले, आणि जिजाच्या कडेवरच्या माझ्या मुलाला त्यांनी दुसरं बिस्किट दिलं.

सर्व्हे शुक्रवारी दुपारी आला. मिताली मॅडम नावाच्या शिक्षिका, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मांचा गठ्ठा, चार जिने चढून दमलेल्या. मनासे शुक्रवारी लवकर घरी येतो, तोही होता. ज्युडिथ शाळेचा गणवेश न काढताच सोफ्यावर बसली होती. जिजाने पाणी आणून दिलं. सकाळपासून तिने तीनदा वेणी घातली होती. पाणी दिल्यावर ती आत गेली नाही. नोमला घेऊन सापडायला उभी राहिली.

“घरात शाळाबाह्य मूल आहे का?” मॅडमनी विचारलं.

“आहे,” मी म्हटलं. हा शब्द उच्चारताना मला स्वतःविषयी फार बरं वाटलं.

मॅडमनी दचकून पेन उघडलं. शून्याखेरीज काही लिहायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदाच आली असावी. “नाव?”

मी सांगितलं. वय सांगितलं. वाडी, तालुका, आईबापाचं नाव, सगळं सांगितलं. जिजा प्रत्येक उत्तराला मान डोलावत होती.

“कामाचं स्वरूप?”

“घरकाम. बाळ सांभाळणं.”

“कामाचं ठिकाण?”

मी जरा थांबले. “इथेच.”

“कामावर ठेवणाऱ्याचं नाव आणि सही.”

पेन माझ्याकडे आलं. मनासे खाकरला. “एक मिनिट. आम्ही तिला कामावर ठेवलेलं नाही. ती घरच्यासारखी आहे.”

“घरच्यासारखी असा रकाना नाही, सर. घरची आहे की कामाची?”

“सही केल्यावर पुढे काय होतं?” मी विचारलं.

“मुलगी सोमवारी शाळेत. फॉर्म कामगार खात्याकडे. चौदाच्या आतली आहे, म्हणजे मालकावर गुन्हा. तो भाग माझ्याकडे नसतो.” मॅडमनी घड्याळ पाहिलं. “अजून सहा मजले आहेत.”

 मनासे बँकेत आहे, बँकेत असलं काही चालत नाही. शिवाय आमचे लोक इथे मोजके, नाव खराब व्हायला एक फॉर्म पुरतो. शिवाय नोम. शिवाय लोक काय म्हणतील, ज्यांच्या घरी त्या वेळी असंच कोणीतरी पाणी आणून देत असेल. ही सगळी कारणं मला एकापाठोपाठ अगदी सहज सुचत गेली. मी एवढी हुशार आहे हे मला माहीत नव्हतं.

“वैनी,” जिजा हळूच म्हणाली, “लिवा की.”

मी आत गेले आणि प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स घेऊन आले.

“मॅडम, माझी गडबड झाली. ही शाळेत आहे. आठवी ब. हजेरी चौऱ्याण्णव टक्के, वर्गाची मॉनिटर. आमच्याकडे पाहुणी आलीय.”

मिताली मॅडमनी कागद पाहिला, जिजाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. फॉर्म नीट चार घड्या करून पर्समध्ये टाकला आणि नवा काढला. त्यावर शून्य लिहिलं. पेन बंद करताना त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

“बरं झालं. आख्ख्या सेक्टरमध्ये एकही नाही, तुमचंच एक निघालं असतं तर वरून चौकशी आली असती. तुमच्या बिल्डिंगमध्ये आतापर्यंत अकरा पाहुण्या झाल्या. सगळ्या हुशार. एक तर शिष्यवृत्तीवाली आहे.” दारात चपला घालता घालता त्या थांबल्या. “माझ्याही घरी एक आहे. पाहुणीच. ती आहे म्हणून मुलीला सोडून मला सर्व्हेला येता येतं.”

दार लागलं. मनासे म्हणाला, पुढच्या वर्षी जिजा चौदाची होईल, मग एवढं कडक नसतं, तेव्हा बघू. मी म्हटलं, तोवर मी तिला दुपारी घरीच शिकवीन. आम्हाला दोघांनाही हे पटलं.

जिजाने झेरॉक्स माझ्या हातातून घेतली. इंग्रजीच्या आकड्यावर बोट ठेवून जरा वेळ पाहिलं. “मंजे मी हाय तिथं,” ती म्हणाली. प्रश्न होता की काय, कळलं नाही. मग नोमला माझ्याकडे दिलं आणि मॅडमचा पेला उचलून आत गेली.

शुक्रवारच्या सांजेचे शब्बाथचे दिवे लावायला अजून वेळ होता. मी वाती घेऊन बसले. ज्युडिथ सोफ्यावरून उतरून माझ्याजवळ आली. गणवेशाचा पट्टा सोडवून घ्यायला तिने हात वर केले. कपाळाला आठ्या होत्या. माझी लेक विचार करायला लागली की तिला तशा पडतात, आणि त्या मला फार आवडतात.

“आई,” ती म्हणाली, “मी आठवीत गेले की मला कोणाच्या घरी पाहुणी पाठवणार?”