एका ओळीतली रजा

माणसाची योग्यता त्याने किती काम केलं यावर ठरत नाही, ते किती कमी ओळींत केलं यावर ठरते. प्रोग्रामिंगच्या सी भाषेतला कंडिशनल ऑपरेटर याचसाठी जन्माला आला. आधी अट, मग प्रश्नचिन्ह. अट खरी असेल तर पहिलं उत्तर, नसेल तर दोन टिंबांनंतरचं दुसरं. हेच काम इफ-एल्स, म्हणजे साधा 'जर-नाहीतर', चार ओळींत करतो आणि वाचणाऱ्या शंभर टक्के लोकांना तो समजतो. ही गोष्ट कोणत्याही वरिष्ठाला शोभणारी नाही.

आमच्या कचेरीतल्या वरिष्ठ प्रोग्रामरने (आम्ही त्यांना प्रेमाने 'एकओळे' म्हणतो, अर्थात पाठीमागे) सगळ्यांच्या रजेचा निकाल एका ओळीत बसवला:

रजा = कारण_योग्य ? (काम_शिल्लक ? नामंजूर : (साहेब_खूश ? अमान्य : फेटाळली)) : नाकारली;

ओळ पडद्यावर झळकताच टाळ्या पडल्या. तपासणी समितीने एकमुखाने "वा!" म्हटलं. (न समजलेल्या गोष्टीला "वा" म्हणायला समजून घेण्यापेक्षा कमी वेळ लागतो.) त्यानंतर कचेरीची हजेरी कमालीची सुधारली. ज्याला नकार आला, त्याने आपलंच कारण कमी पडलं असं मानून घेतलं.

मग एकओळ्यांच्या बायकोचं ऑपरेशन ठरलं. त्यांनी अर्ज केला, नकार आला. हातातलं काम उरकून पुन्हा केला, पुन्हा नकार. शेवटी ते साहेबांकडे गेले.

"साहेब, माझ्यावर नाराज आहात का?"

"छे हो! मी खूशच आहे. पण ओळच नाही म्हणते, त्याला मी काय करणार?"

एकओळे विचारात पडले. इतकी देखणी ओळ चुकेल कशी?

तेवढ्यात दवाखान्यातून बायकोचा फोन आला. "येताय ना?"

"त्याचं असं आहे, कारण योग्य आहे, पण..."

"अहो, हो की नाही एवढंच सांगा! मला आत नेतायत."

एकओळे पुन्हा अर्ज भरायला बसले. तिचा हात धरायला तिचा भाऊ होता. आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं. पण ती ओळ उलगडून बघू या, असं कोणी म्हणालं नाही. त्यासाठी आधी ती समजलेली नाही हे कबूल करावं लागलं असतं.

तुम्हाला आता आमची कीव येत असेल. पण ती ओळ मघाशी तुम्हीही वाचलीत आणि मान डोलावून पुढे आलात. तिच्यातली चारही उत्तरं नकाराचीच आहेत. (होकार बसवला असता, तर ओळ लांबली असती.)