बोलावलंत काय?

आमच्या सौदीतल्या ताइफच्या हॉस्पिटलात कुणीही कुणालाही 'या रफीक!' म्हणून हाक मारली, की स्टोअरमधून रफीकभाई धावत यायचे. हाक झाडू मारणाऱ्या शफिकुलला असो, नाहीतर ट्रॉली ढकलणाऱ्या बेबीचनला. हे आपले माकडटोपी सावरत समोर हजर. "नआम? बोलावलंत काय?"

आता ही काय भानगड, ते सांगते. अरबीत 'या' म्हणजे अरे, आणि रफीक म्हणजे सोबती. शब्द केवढा गोड! पण तिथल्या साहेबांच्या तोंडी त्याचा अर्थ 'अरे ए, जो कोण असशील तो'. हिंदुस्तानी, बंगाली, नेपाळी, सगळ्यांना मिळून एकच घाऊक नाव. आणि आमच्या या दाभोळच्या माणसाचं नावच पडलं होतं रफीक!

मुदीर, म्हणजे आमचे मोठे साहेब, वैतागायचे. "तुला नाही रे, त्याला!"

"त्याला? तो शफिकुल, साहेब. रफीक मी."

दिवसातून पाच-सहा वेळा हेच. शेवटी साहेबांनी हात टेकले. रफीकभाई टाळायचे तर एकच उपाय होता, माणसाचं नाव पाठ करायचं. वर्षभरात साहेब 'बेबीचन' इतकं झकास म्हणायला लागले, की बेबीचनच दचकायचा.

मीही सुटले नाही. आमच्या ह्यांची नोकरी लॅबमध्ये, मी लिननरूमला. सातवी शिकलेली बाई मी, चादरींच्या घड्या घालता घालता अरबी शिकले. एकदा सहज म्हणाले, "त्या बंगाल्याला उशा न्यायला सांगा." रफीकभाई जागीच थांबले. "काय वो माई, नाव घ्यायला काय इकामा लागतो?" तिथं राहायला इकामा, म्हणजे सरकारी परवाना लागतो, पाणी प्यायचं तरी इकामा दाखवा म्हणतील. पण नाव फुकट, हे त्यांचं पालुपद.

माणूस तसा विक्षिप्तच. गळ्यातलं ओळखपत्र कायम उलटं. का, तर म्हणे फोटोत मी बोंबलासारखा दिसतो. आणि स्टोअरच्या कपाटांवर चिठ्ठ्या मराठीत! त्याही कशा, तर हातमोज्यांच्या खणावर 'कोंबडे', आणि सलाईनच्या नळ्यांवर 'पडवळ'. हातमोजा फुगवला की तुरा येतो ना, म्हणून कोंबडा. त्यांच्याशिवाय त्या खोलीत कुणाला एक सुई सापडली असती तर शपथ.

मग सौदीकरण आलं. देशातल्या जागा देशातल्या माणसांना, वाईट काय त्यात? पण ती जागा रफीकभाईंची निघाली. नूरा नावाची तिथलीच मुलगी आली, काळ्या अबायात, हातात नवी कोरी वही. तीन महिन्यांत तिला काम शिकवायचं, मग खलास.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "एश इस्मक?" तुझं नाव काय? मी तिथंच होते. इतक्या वर्षांत त्यांना असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं बहुतेक. ते जरा गडबडले, टोपी काढली, पुन्हा घातली. "रफीक," म्हणाले. ती खुदकन हसली.

आम्हाला मात्र तिचा राग. पँट्रीत ती आली की बोलणं बंद. मी तर रफीकभाईंना गाठून म्हटलं, "हातचं राखून शिकवा. चिठ्ठ्या तश्शाच ठेवा. त्या सौदीणीला कोंबडे-पडवळ कळणार आहे थोडंच? महिन्यात हात जोडून परत बोलावतील तुम्हाला."

"आणि तोवर पेशंटला पडवळ कोण देणार, माई? तुम्ही?"

मी निघाले, तर ते मागून म्हणाले,

"आणि सौदीण कोण वो? आपण रफीक आणि ती सौदीण? आपल्याला मिळालेला घाऊक माल आपण तिला विकायचा?"

दुसऱ्या दिवसापासून दोघं स्टुलावर चढून चिठ्ठ्या बदलत होते. हे अरबी लिहायचे, ती खोडून शुद्ध करायची. 'कोंबडे' तेवढी तिनं काढू दिली नाही म्हणे.

शेवटच्या दिवशी आम्ही सगळे स्टोअरच्या खिडकीपाशी जमलो. नूरानं घरचं गुलाबपाणी आणलं होतं, मी सांजोऱ्या. तेवढ्यात ऑफिसातून रफीकभाईंच्या सुटकेचा कागद आला. रफीकभाईंनीच तिला शिकवलं होतं, आधी नाव मोठ्यानं वाचायचं, पूर्ण, मग कागद. तिनं वाचलं, "अब्दुल गनी हसन!"

कुणीच हललं नाही. कागद चुकीचा आला असणार. तिनं पुन्हा हाक मारली. दुसऱ्यांच्या हाका झेलणारे रफीकभाई सांजोरी हातात धरून आमच्यासारखेच इकडेतिकडे बघत होते.

मग हळूच म्हणाले, "अरे... तो मीच की."

आणि उलटं ओळखपत्र सुलटं केलं.

ते नोकरीवर आल्या-आल्याची गोष्ट होती म्हणे. वयानं बापासारख्या एका झाडूवाल्याला साहेब चारचौघांत 'या रफीक' करून झापत होते. यांना बघवलं नाही, मध्ये जाऊन उभे राहिले. "मला बोलावलंत?" तेव्हापासून तेच नाव.

"मग गनी कोण म्हणायचं तुम्हाला?" मी विचारलं.

"आय म्हणायची, फोनवर." सांजोरी त्यांनी बशीत परत ठेवली. "आता दहा वर्सं झाली फोन बंद होऊन."

मी आपला थर्मास उघडला.

"गनीभाई," म्हटलं, "चहा घेणार?"

त्यांनी मागं वळून बघितलं, मी कुणाला बोलावते आहे ते.