सूर्यभानची सुई चुकत नाही

अकोल्याच्या एका आरोग्य कचेरीतल्या सूर्यभान कारकुनाची ऐट काय सांगावी! साल त्रेसष्ट. वह्या चाळायचे दिवस संपले, असं तो पानठेल्यावर उभा राहून जगाला सांगे. त्यानं कार्डांची पद्धत आणली होती ना! माणसागणिक एक कार्ड, कडेला भोकं. देवीची लस टोचली की भोकापासून कडेपर्यंत कात्रीनं काप द्यायचा. मग गठ्ठ्यात स्वेटर विणायची सुई घालून उचलायची. टोचलेल्यांची कार्डं खाली, बिनटोचलेल्यांची सुईला लटकलेली!

"वहीले वाळवी लागते," तो म्हणे, "माह्या सुईले नाही!"

आज अमरावतीहून मोठे साहेब आले होते. पद्धत पसंत पडली तर अख्ख्या जिल्ह्याची कार्डं होणार आणि त्यांवर मुख्य सूर्यभान. नाहीतर कार्डं रद्दीत. नमुन्याला त्यानं कचेरीतल्याच माणसांची कार्डं घेतली, सगळी टोचलेली.

"पाहा साहेब, एकबी लटकणार नाही!"

सुई उचलली. एकही पडलं नाही! हलवली, झटकली. ढिम्म! पाहतो तर काय, प्रत्येक कापावर खळीनं कागदाचा तुकडा चिकटवलेला! दाराशी डोमाजी शिपाई खुशीत उभा. सूर्यभाननं डोळे वटारले तसा तो कानाशी लागला.

"उंदरानं कुरतडले होते बाबूजी! साहेब येऊन राहिले, तुमची इज्जत जाईन म्हणून सकाळीच बुजवले. भोकं तशीच ठेवले हां!"

"म्हणजे," साहेब कडाडले, "आरोग्य कचेरीत एकालाही लस टोचलेली नाही?"

कार्डं चुकली म्हणावं, तर संपलंच सगळं! सूर्यभाननं छाती पुढे काढली.

"नाही साहेब! पण सुईनं कसं झटक्यात पकडलं, पाहा!"

"शाब्बास! अशीच पद्धत हवी जिल्ह्याला. टोचा सगळ्यांना, आत्ताच!"

लस टोचणारा पुंजाजी सामान घेऊन बसला. रांगेत मागून हिशेबनीस शालिकराम फिसकारला, "काहून बे, आपुन संगंच तं टोचून घेतलं होतं!"

"चूप बस ना! जिल्ह्याचा सवाल आहे."

सूर्यभाननं सर्वांत आधी बाही वर सारली. साहेब वाकले आणि वाकलेलेच राहिले. दंडावर रुपयाएवढ्या दोन ठसठशीत खुणा!

"अहो, या तर देवी टोचल्याच्या खुणा!"

सूर्यभाननं आपल्याच दंडाकडे परक्यासारखं पाहिलं.

"ते जुनी पद्धत आहे साहेब," तो म्हणाला, "तिच्यावर भरवसा ठेवू नका. टोच रे पुंजाजी!"