तेल घातलेला पंखा

"कुरकुर करत होता म्हणून तेल घातलं," फडक्याला हात पुसत टिल्लीचा बाबा ऐटीत म्हणाला. "बघ, आहे का आता आवाज?"

आवाज नव्हता. टेबलावरचा जुना पंखा मौनव्रत घेतल्यासारखा फिरत होता आणि पाळण्यातली टिल्ली टक्क डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती. जन्मल्यापासून ती त्याच्या 'खर्रर्र... टक'वर झोपत आली होती.

"अरे, तासाभरात माझी मुलाखत आहे!" टिल्लीची आई म्हणाली. "ही झोपली नाही तर काय हिला मांडीवर घेऊन नोकरी मागू?"

"थोपट, झोपेल," म्हणत बाबा ऑफिसला निघाला. घरातली चालती वस्तू सुधारून वेळेवर बाहेर पडणं त्याला छान जमायचं.

नोकरी होती एका कंपनीच्या ग्राहकांची ऑनलाइन भांडणं मिटवण्याची, तीही घरबसल्या. टिल्ली झाल्यापासूनची पहिलीच संधी. डोकं शांत राहावं म्हणून तिने आठवड्यापूर्वीच इमारतीचा, नणंदांचा, बाळाच्या दातांचा, असे झाडून सगळे ग्रुप सोडले होते. नुसते सोडले नव्हते, 'मला शांतता हवी आहे' असं बजावून सोडले होते.

पण गरजवंताला अक्कल नसते. शोधता शोधता तिला 'खडखडते पंखे' नावाचं चिमुकलं नेटवर्क सापडलं. पंख्यांच्या आवाजावर जीव टाकणारी मंडळी तिथे जमायची.

'तेल घातलंत?' एकाने लिहिलं. 'तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.'

'मागचा स्क्रू सैल करा,' दुसऱ्याने सांगितलं. तिने केला. पंख्याने मान टाकली.

'जाळीला केसांची पिन अडकवा.' अडकवली. टिल्ली टाळ्या पिटू लागली.

'आधी आवाज तरी ऐकवा!'

पंख्याच्या तोंडाशी यावा म्हणून तिने फोन पत्र्याच्या डब्यावर ठेवला, आवाज टिपला आणि पाठवला. झालं! दोष पात्याचा की जाळीचा, यावरून जाणकारांत जुंपली. मुलाखतीमुळे फोनची रिंग बंद होती, पण प्रत्येक उत्तरासरशी फोन थरथरायचा आणि त्याच्याबरोबर डबा.

खर्रर्र... टक. खर्रर्र... टक.

टिल्लीने जांभई दिली, अंगठा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"आई, बघितलंत?" तिने दारातून डोकावणाऱ्या सासूबाईंना हळूच विचारलं.

"बघितलं," सासूबाई कुजबुजल्या. "पण तुझे पंखेवाले दमले वाटतं."

डबा गप्प झाला होता. टिल्लीने एक डोळा उघडला.

"एवढ्याशा मंडळींत काय भागणार गं? इमारतीच्या ग्रुपवर परत ये. मीच ॲडमिन आहे, घेते तुला."

"आई, मी केवढं ठणकावून बाहेर पडले! आता कुठल्या तोंडाने येऊ?"

"तोंड कुठे दिसतंय तिथे? तू जा आतल्या खोलीत. भांडणाचं मी बघते."

सासूबाईंनी चष्मा सावरला, सुनेला ग्रुपवर घेतलं आणि आपल्या फोनवरून तिथे एकच वाक्य लिहिलं: 'जिन्यात कचऱ्याची पिशवी कोण ठेवतं ते मला ठाऊक आहे, पण मी नाव घेणार नाही.'

डबा थयथय नाचू लागला.

आतल्या खोलीत कॉम्प्युटरच्या पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "समजा, ग्राहकांमध्ये जोरदार भांडण पेटलं. काय कराल?"

टिल्लीच्या आईने क्षणभर दाराकडे कान दिला. "मिटवायची घाई करणार नाही," ती ठामपणे म्हणाली. "बोलू द्यावं माणसांना. एकदम गप्प केलं, की भलतंच कुणीतरी रडायला लागतं."

"अनुभवाचे बोल दिसतात." बाई खूश झाल्या. "तुमच्याकडे आवाज कसला येतोय?"

"जुना पंखा आहे."

"असू दे, असू दे. सोमवारपासून लागा कामाला."

ती चवड्यांवर नाचतच बाहेर आली. सासूबाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"काय झालं, आई?"

"घात झाला. खालच्या वकीलबाईंनी पिशवी आपलीच म्हणून कबूल केलं. वर माफीही मागितली. सगळे त्यांना फुलं पाठवतायत."

फुलं संपली. डब्याने शेवटचा आचका दिला. सबंध इमारतीत समेट झाला आणि टिल्लीने भोकाड पसरलं.

सोमवारपासून भांडणं मिटवण्याचा पगार घेणाऱ्या सूनबाईंनी तिला घाईघाईने उचललं आणि थोपटत म्हणाल्या, "आई, पटकन पार्किंगचं काहीतरी लिहा ना!"