अनुमति देउ इच्छीता का?

"चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. सुटली, तर ती चूकच नव्हे!" असं वेलांटीराव छापखान्यात छाती काढून सांगत. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण जन्मभर पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासून आणि ऱ्हस्व-दीर्घावरून लेखकांशी भांडून हेच नाव चिकटलं होतं. आता डोळे शिणले होते, पाठ कुरकुरत होती आणि छापखान्यानं काम घरच्या कॉम्प्युटरवर पाठवायला सुरुवात केली होती.

त्या कॉम्प्युटरला अलीकडे एक खोड लागली होती. दोन ओळी तपासून होतात न होतात, तोच पडद्यावर मधोमध चौकट यायची: 'आपण या बदलास अनुमति देउ इच्छीता का?'

"एका वाक्यात तीन चुका!" वेलांटीराव बायकोला ओरडून सांगत. "हा चोरच. सरळ माणूस असं लिहिणार नाही!"

"मग 'नाही' म्हणा."

"म्हणतोय की सकाळपासून! हाकललेल्या मांजरासारखी पुन्हा दुधाशी हजर!"

त्या दिवशी तर कहरच झाला. भूगोलाचं पुस्तक संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. उशीर झाला तर पुढचं काम दुसऱ्याकडे जाईल, असं छापखान्याच्या व्यवस्थापकांनी गोड आवाजात कळवलं होतं. 'नाही, नाही' करता करता वेलांटीरावांचं बोटही आंबलं आणि मनही. जेवण झाल्यावर "जरा पाठ टेकतो" म्हणून ते आडवे झाले आणि घोरायलाच लागले.

बायकोला दया आली. तिनं धाकट्या भावाला फोन लावला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथे बसून दुसऱ्याच्या घरचा कॉम्प्युटर चालवायची विद्या त्याला येत होती. त्यानं सांगितलं तशी तिनं दोन-चार बटणं दाबली, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि नवऱ्याची झोपमोड नको म्हणून चोरपावलांनी भाजी आणायला गेली.

वेलांटीराव उठले, डोळे चोळत खुर्चीत बसले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. माउसला कुणाचा हात नाही आणि पडद्यावरचा बाण फिरतोय!

"चोर! आत शिरला!"

त्यांनी माउसवर झडप घातली. बाण डावीकडे जायला बघे, हे उजवीकडे ओढत. रस्सीखेचीतल्या रुमालासारखा तो मधल्या मध्ये थरथरू लागला. शेवटी पलीकडच्यानं एक कोरं पान उघडलं आणि त्यावर अक्षरं उमटली: 'भाऊजी मि आहे. माउस सोडा.'

'मि' पहिली! वेलांटीरावांची खात्रीच पटली. चौकट लिहिणारा आणि हा, दोघांची शाळा एकच!

'मी दीर्घ असतो,' त्यांनी टाइप केलं. 'तू कोण?'

'तुमचा मेहूणा. फोन उचला.'

तेवढ्यात स्वयंपाकघरात बायकोचा फोन खणखणला. बघतात तर खरंच मेहुण्याचं नाव! "अरे देवा, यांनी फोनसुद्धा ताब्यात घेतला!" वेलांटीरावांनी फोनवर उशी दाबली आणि परत येऊन उलटतपासणी सुरू केली.

'माझ्या बायकोला माहेरी काय म्हणतात?'

'ठमाताई.'

माहिती काढून आलाय लेकाचा! आता असं काही विचारायला हवं, जे घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही.

'माझ्या लग्नात मेहुण्यानं मला काय दिलं?'

'मनगटी घड्याळ. पहिल्या पगारातुन.' मग भराभरा अक्षरं आली. 'तुम्हि ते चुलत भावाला दिलं. त्यानं ते माझ्या लग्नात मला दिलं. डबी पण तिच. मि ताईला अजुन बोललो नाहि.'

वेलांटीराव खुर्चीतच खचले. एका उत्तरात सहा चुका, पण एकीवरही बोट ठेवायची ताकद उरली नाही. हा मेहुणाच! पण आता ओळख पटली म्हणायचं, तर घड्याळही पदरात घ्यावं लागणार. दमलेल्या माणसाला चोर परवडतो हो, मेहुणा परवडत नाही!

'तू चोरच!' एवढं लिहून त्यांनी भिंतीतला प्लग उपटला.

पडदा काळा झाला. घर शांत झालं. त्यांना फार बरं वाटलं. मग भूगोल आठवला. त्यांनी प्लग पुन्हा लावला, बटण दाबलं. पडदा काळा तो काळाच!

तेवढ्यात बायको पिशवी घेऊन आली. "झाला का दुरुस्त? मधेच बंद करू नका म्हणाला होता भाऊ... अहो, आणि फोनवर ही उशी कशाला?"

मेहुणा दुकान बंद करून स्वतः आला. घड्याळाचं अवाक्षर काढलं नाही, म्हणून तर जास्तच झोंबलं. वेलांटीरावांनी आपण होऊन चहा टाकला, तोही उतू गेला. उजेड होता तोवर पडदा एकदाचा जागा झाला, भूगोल धडधाकट सापडला आणि रवानाही झाला.

"भाऊजी, ती चौकट कुठून यायची ते कळलं," मेहुणा म्हणाला. "शुद्धलेखन आपोआप तपासून देणारं कसलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर आहे आत. कुणी घेतलं हे?"

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं छताकडे.

"डोळे थकतात गं हल्ली," वेलांटीराव हळूच म्हणाले. "म्हटलं, जरा हातभार लागेल."

कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं!

"काढून टाकलंय ते," मेहुणा चप्पल घालता घालता म्हणाला. "आणि यापुढे असलं काही आलं, तर परवानगी ताईच्या पासवर्डनंच मिळणार. कॉम्प्युटरच्या लेखी मालक ताई. तुम्ही नुसते वापरणारे."

"मी? नुसता वापरणारा?"

बायकोनं भाजी निवडताना मानसुद्धा वर केली नाही. "एवढा वेळ खपलास," ती भावाला म्हणाली, "पण यात तू नवीन काय केलंस?"