न्हाणीघरातली समाधी

तात्या न्हाणीघरातून बाहेर आले ते भिंतीला धरून. पंचा खांद्यावर, डोळे अर्धवट मिटलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू आत कुणीतरी त्यांना बोटाला धरून जत्रेतून फिरवून आणलंय. सोफ्यावर टेकत ते म्हणाले, "आजही झालं."

"काय झालं?" दीपमालानं कणीक मळता मळता विचारलं.

"तुला नाही कळायचं ते, सूनबाई."

"डोकं दुखतंय का?"

"थोडं जड आहे. एवढं मोठं सुख एवढ्याशा डोक्यात मावायचं, म्हणजे जड होणारच."

तात्यांचं खरं नाव सावळीराम. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले आणि कीर्तनाचे वेडे. कीर्तन वणीला असो, कळवणला असो की इंदिरानगरातल्या आपल्या विठ्ठल मंदिरात असो, गळ्यात टाळ अडकवून तात्या पहिल्या रांगेत हजर. पण एक सल होता. बुवांचं निरूपण रंगात आलं की आजूबाजूच्यांच्या अंगावर काटा उभा राहायचा, गळे दाटायचे. भजनी मंडळाच्या सुलाबाई तर घळाघळा रडायच्या. तात्यांना कीर्तन मनापासून आवडायचं, पण नुसतं आवडायचं. डोळे कोरडे ठणठणीत. एकदा तर त्यांनी रुमालात कांद्याची फोड बांधून नेली. शेजारचे दोघे रडले. तात्या कोरडेच.

आणि आता या मार्गशीर्षात, ध्यानीमनी नसताना, पांडुरंगानं त्यांना गाठलं होतं ते थेट न्हाणीघरात. गीझरचं कढत पाणी अंगावर घेत तात्या खड्या आवाजात अभंग म्हणत. पहिले दोन अभंग नेहमीसारखे जात. तिसऱ्याला अंग पिसासारखं हलकं होई, डोळ्यांपुढे पिवळाधमक उजेड पसरे आणि खिडकीतले कीर्तनकार सहादूबुवा त्यांच्याकडे बघून मान डोलवत.

खिडकीत बुवा कसे, तर त्याचं असं झालं. शेजारचा मुलगा अंबडच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. पहाटे येऊन आडवा व्हायचा. तो एकदा म्हणाला, "तात्या, देवाचं आहे म्हणून मी काही बोलत नाही. पण जरा हळू म्हणता येईल का?" हळू म्हणणं तात्यांच्या घराण्यात नव्हतं. म्हणून त्यांनी गेल्या सप्ताहाचा फ्लेक्स माळ्यावरून काढला, त्यातला सहादूबुवांच्या फोटोचा भाग कापला आणि तो आतल्या बाजूला तोंड करून खिडकीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवला. शेजारधर्म झाला, नाशिकचा बोचरा वारा अडला आणि रोज सकाळी बुवांचं दर्शन फुकट. दाराखालच्या फटीला रबरी पट्टीही लावली. आतला अभंग आत, बाहेरची थंडी बाहेर.

अशी गोष्ट पोटात किती दिवस राहणार? तात्यांनी सुलाबाईंना सांगितली.

"न्हाणीघरात?" सुलाबाई म्हणाल्या.

"जागा देव निवडतो, बाई. आपण नाही."

सुलाबाई दुसऱ्या दिवशी पातळ आणि टॉवेल घेऊनच आल्या. बराच वेळ आतून त्यांचा सूर ऐकू आला, मग सूर घसरला, मग थांबला. बाहेर आल्या तेव्हा पाऊल कुठे पडतंय याचा त्यांना पत्ता नव्हता. "तात्या, आहे हो काहीतरी. पाय जमिनीला लागत नव्हते माझे." एवढं म्हणून त्या धावत बेसिनकडे गेल्या आणि भडभडून ओकल्या.

दीपमालानं त्यांची पाठ चोळली. "सुलामावशी, देव भेटल्यावर उमासे येतात का हो?"

"देहाचा मळ असतो बाई तो. निघून जातो असा."

"मग तात्यांचा रोज कुठे मुरतो?"

त्यावर तात्यांनी फक्त मंद हसून तिला क्षमा केली.

बातमी मंडळात पसरली. एकादशीला मंदिरात सहादूबुवांचं कीर्तन होतं. ते सुरू होण्याआधी तात्यांनी उभं राहून चार शब्दांत आपला अनुभव सांगायचा, असं सर्वानुमते ठरलं. उभ्या आयुष्यात तात्यांना असा मान मिळाला नव्हता. ते आरशासमोर उभे राहून सराव करू लागले. इकडे एकादशीच्या आदल्या दिवशी भजनी मंडळाच्या चार बायका पिशव्यांत टॉवेल घेऊन दारात उभ्या. दीपमालानं दार निम्मंच उघडलं. "पाणी गेलंय," ती म्हणाली. आत नळ धो धो वाहत होता.

दार लावून ती तशीच न्हाणीघरात गेली. आता मात्र तिनं छडा लावायचंच ठरवलं. तिनं गॅसचा गीझर पेटवून त्याच्या पोटातल्या भोकातून आत पाहिलं. ज्योत पिवळी, लांबट, चाटत वर जाणारी. गीझरच्या वरच्या भिंतीवर काजळीचा पट्टा. ती स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पेटवून आली. तिथली ज्योत कशी निळीशार, जागच्या जागी. तिनं गीझर दुरुस्त करणाऱ्या नवनाथला फोन लावला.

नवनाथ आला. "ताई, अंधार लय हे इथं," म्हणत त्यानं दार सताड उघडं ठेवलं, बुवांना अर्धे सोलून खिडकी ढकलली आणि गीझर लावला. ज्योत निळी. त्यानं जाळीत ब्रश फिरवला, पुन्हा लावला. पुन्हा निळी. "एकदम टकाटक. मशीनमध्ये काहीच नाय."

"मिस्त्रीचाही दाखला मिळाला," तात्या म्हणाले, आणि बुवांना नमस्कार करून त्यांनी ते पुन्हा चारी बाजूंनी चिकटवले.

नवनाथ गेल्यावर दीपमालानं नळ सोडला, गीझर पेटवला, दार बाहेरून लावून घेतलं आणि उंबऱ्याशी उभी राहिली. बऱ्याच वेळानं श्वास रोखून डोकावली. ज्योत पिवळी. तिनं बुवांचा कोपरा सोलला, दार उघडलं. थोड्या वेळानं निळी. पुन्हा बुवा, पुन्हा दार बंद, पुन्हा पिवळी.

"तात्या, इकडे या. बुवा खिडकीत असले की ज्योत पिवळी होते, बुवा काढले की निळी."

"तू बुवांवर आळ घेतेस?"

"हवेवर घेते. गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या खोलीत ती पुरली नाही की विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. आधी डोकं जड होतं, मग मळमळतं, मग गुंगी येते आणि मग माणूस उठतच नाही."

"आणि माझा अनुभव?"

दीपमालानं गीझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, पर्समध्ये घातला आणि ती पतसंस्थेत कामाला निघून गेली. जाताना पर्स अशी छातीशी धरली होती, जणू तिच्यात सासूबाईंचे दागिनेच आहेत.

एकादशीला सकाळीच सहादूबुवा कळवणहून आले. ते तात्यांकडेच उतरायचे. हातपाय धुवायला म्हणून आत गेले आणि तिथेच थबकले.

"तात्या, हा मीच हाय का?"

"आपणच, बुवा."

"आन माझ्या नाकातोंडावर चिकटपट्टी कामून?"

दीपमालानं सगळं सांगितलं. बुवा म्हणाले, "तात्या, मला काढा तिथून."

"बुवा, पण अनुभव खरा की खोटा, ते तुम्ही सांगा."

"मी नाय सांगू शकत. इतकी वर्सं कीर्तन करतोय, मला तरी कुठं रोज होतंय? पन देव भेटला आन वर डोस्कं ठणकलं, असं मी ऐकलं नाय बा."

"मग परीक्षा घेऊ," तात्या म्हणाले. माणूस भाबडा होता, पण कच्चा नव्हता. "खिडकी उघडी. गीझर बंद. अभंग तेच. तो असेल, तर गार पाण्यातही येईल."

मार्गशीर्षातली नाशिकची सकाळ, टाकीतलं पाणी. तात्यांनी पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि अभंगाचा पहिला शब्द अर्ध्यातच तुटला. बाहेर दीपमाला पंचा घेऊन उभी, बुवा खुर्चीवर कान देऊन बसलेले.

"स्वरभंग झाला बघ," बुवा म्हणाले. थोड्या वेळानं दातांचा कडकडाट ऐकू आला. "कंप."

"बुवा, थंडी आहे ती."

"मला का कळंना, पोरी? पन भाव दाटल्याच्या खुना म्हनून शास्त्रात हेच लिव्हलंय."

तिसरा अभंग संपवूनच तात्या बाहेर आले. अंगावरचा केस न् केस उभा, चेहरा पांढराफटक, डोळ्यांतून पाणी, बोलायला जावं तर गळ्यातून शब्द फुटेना. अष्टसात्त्विक भावांच्या आठ खुणांतला घाम आणि मूर्च्छा तेवढी बाकी होती. दीपमालानं त्यांना रजईत गुंडाळलं.

बुवांनी हळूच विचारलं, "झालं का?"

हो म्हणायला कुणाची हरकत होती? सगळ्या खुणा अंगावर होत्या, वर दोन साक्षीदार. तात्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ त्यातली वाफ बघितली.

"नाही," ते म्हणाले. "उजेड आला नाही. खिडकीतले बुवा मान डोलवत दिसले नाहीत. आणि डोकंही दुखत नाही." शेवटचं वाक्य त्यांनी फार दुःखानं उच्चारलं.

"तात्या, संध्याकाळी काही बोलू नका," दीपमाला म्हणाली. "बुवा सांभाळून घेतील."

"का? माझं नाव पुकारलंय. अनुभव सांग म्हणालेत. जो आला तो सांगेन."

संध्याकाळी मंदिर भरलं होतं. तात्या उभे राहिले, कोरड्या गळ्यानं बोलू लागले. "मंडळी, मला देव भेटला असं मी सांगत होतो. देव नव्हता, गॅस होता." हशा पिकला. सुलाबाईंनी पदर तोंडावर घेतला. तात्या थांबले नाहीत. पिवळी ज्योत, काजळी, बुजवलेली खिडकी, जड डोकं, उगाच येणारं हसू, सगळं त्यांनी एकेक करून सांगितलं. मान खाली होती, पण एक शब्द गाळला नाही.

बायकांच्या बाजूनं कुसाबाई हळूच उठल्या. "तात्या, आमच्या यांचंही असंच होतंय. थंडी पडल्यापासून न्हाऊन आले की नुसते हसत बसतात. कुणावर ओरडत नाहीत, ताटाला नावं ठेवत नाहीत. मला वाटलं, म्हातारपणी स्वभाव सुधारला."

"आता कुठे आहेत अण्णा?"

"अंघोळ करून येतो म्हणाले. तू पुढे हो."

तात्या निघाले ते गळ्यातल्या टाळांसकट. मागे दीपमाला, मागे वीणा सांभाळत बुवा, मागे मृदंग, मागे अख्खं मंडळ. अण्णांचं घर तात्यांच्या घरामागच्याच गल्लीत होतं. न्हाणीघराचं दार आतून बंद. हाक मारली, उत्तर नाही. तात्यांनी खांद्यानं दोन धडका दिल्या आणि कडी तुटली. अण्णा ओल्या पंच्यात स्टुलावर, भिंतीला टेकलेले, ओठांवर तेच हसू. तात्यांनी त्यांना काखेत धरून ओढत अंगणात आणलं. दीपमालानं सिलिंडर बंद केला, दारंखिडक्या उघडल्या, रिक्षा बोलवायला माणूस पिटाळला.

मोकळ्या हवेत अण्णांनी डोळे उघडले. वर वीणा, अवतीभोवती टाळ आणि बुक्का लावलेली कपाळं. त्यांनी हात जोडले. "पोचलो का मी?"

"नाही अण्णा," तात्या म्हणाले. "इंदिरानगरच आहे हे."

अण्णांनी मान वळवली. "हां. कुसा दिसतेय. म्हणजे इथंच आहे."

त्यांना दवाखान्यात नेलं, रात्रभर ठेवून घेतलं. कीर्तन उशिरा सुरू झालं, पण पहिल्या रांगेतली तात्यांची जागा रिकामीच राहिली. एकेक जण येऊन 'आमचंही बघता का' म्हणत होता, आणि तात्या दीपमालेबरोबर घरोघरची न्हाणीघरं पाहत फिरत होते. कुठे खिडकीत जुनी उशी होती, कुठे वह्यांचे पुठ्ठे, एका घरी तर पोळपाट.

दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं. तात्या जेवायला बसले होते. तेवढ्यात मागच्या गल्लीतून रिक्षा थांबल्याचा आवाज आला, आणि लगेच सगळ्या आळीला ऐकू जाईल असा दणदणीत आवाज.

"माझ्या दाराची कडी कुणी तोडली? आं? हे काय घर आहे की धर्मशाळा? कुसा, चहा म्हणून आणलास तो हा? ह्याला चहा म्हणतात?"

तात्यांचा घास हातातच राहिला. मानेपासून मनगटापर्यंत सर्रकन काटा आला, गळा दाटला आणि डोळ्यांतून पाणी ताटात टपटप पडू लागलं.

"तात्या, भाजी तिखट झाली का?" दीपमालानं विचारलं.

तात्यांनी डाव्या हातानं तिला गप्प राहण्याची खूण केली.

"थांब जरा. ऐकू दे."